फर्नेसचं लाल बटण एकदाच



मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या घरचं हीटिंग बंद पडलं होतं. नवरा भारतात गेलेला, मुलं लहान, बाहेर बर्फ. मी पहिला प्रश्न विचारला, "लाल बटण किती वेळा दाबलंस?" ती जरा थांबली. "दोनदा... म्हणजे तीनदा असेल." मला हसू आलं आणि पोटात गोळाही आला. चार वर्षांपूर्वी हेच उत्तर मी दिलं होतं, आणि ते खोटं होतं.

कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना आधी थोडं सांगायला हवं. तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या लेकी-सुना इकडे आहेत, आणि थंडीत त्या फोनवर "फर्नेस बिघडली" म्हणतात तेव्हा नेमकं काय बिघडलं ते तिकडे कळत नाही. अमेरिकेच्या ईशान्येला, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट, न्यू हॅम्पशायर या बाजूला, जुन्या घरांत अजून तेल जाळून घर तापवतात. मेन राज्यात तर अशा घरांचं प्रमाण साऱ्या देशात जास्त आहे. हे तेल म्हणजे डिझेलचं सख्खं भावंड. त्यात लाल रंग मिसळलेला असतो, कारण त्यावर रस्त्याचा कर नसतो आणि ते कुणी गाडीत घालू नये. तळघरात बहुतेकांकडे २७५ गॅलनची टाकी असते, म्हणजे हजार लिटरच्या वर. टँकर येतो आणि घराबाहेरच्या नळीतून तेल भरतो. तेल आत जाताना टाकीतली हवा दुसऱ्या नळीतून बाहेर पडते आणि शिट्टी वाजते. शिट्टी थांबली की टाकी भरली, एवढंच त्या टँकरवाल्याचं माप. हवा तापवून खोल्याखोल्यांत सोडते ती फर्नेस, पाणी तापवून नळ्यांतून फिरवतो तो बॉयलर. आग पेटवायची रीत दोन्हींची सारखीच.

ती रीत आपल्या आयांना न शिकवता कळेल. पंपाचा स्टोव्ह आठवा. रॉकेलवर दाब द्यायचा, ते बारीक छिद्रातून वर काढायचं आणि पेटवायचं. इथे दाब द्यायला विजेचा पंप आहे, छिद्राच्या जागी नोझल आहे, काडीच्या जागी विजेची ठिणगी आहे आणि हवा द्यायला पंखा आहे. शिवाय एक छोटा डोळा आहे. आत ज्योत पेटली की नाही हे तो उजेडावरून पाहतो. ठराविक वेळात ज्योत दिसली नाही तर तो सगळं बंद करतो. नव्या यंत्रांत ही वेळ पंधरा सेकंदांच्या आसपास असते, जुन्यांत पाऊण मिनिटापर्यंत. असं बंद पडलं की पुन्हा सुरू करायला एक लाल बटण दिलेलं असतं. आजचा लेख त्या बटणाबद्दल आहे.

तर ती रात्र. जानेवारी महिना, घर घेऊन आमचं दुसरं वर्ष. हे कामासाठी शिकागोला गेलेले. सासूबाई सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेल्या. थंडीत इथे साडेचार-पावणेपाचलाच सूर्य मावळतो, त्यामुळे आमची जेवणं मुलं शाळेतून आल्या आल्या उरकतात, आणि त्यानंतरची रात्र फार लांब असते. दीड वाजता मला थंडीनं जाग आली. थर्मोस्टॅट ६१ दाखवत होता, लावलेला ६८ वर. बाहेर ५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबानं उणे पंधरा.

मी खाली तळघरात गेले. एका हातात मोबाइल, त्यावर कुणाचा तरी व्हिडिओ. बटण दाबलं. घरघर झाली, क्षणभर वाटलं सुरू झाली, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मनात हिशेब चालला होता: रात्रीचं बोलावणं म्हणजे जादा पैसे, आणि सकाळी हे फोन करून विचारणार, "बटण दाबून पाहिलंस का?" म्हणून पुन्हा दाबलं. पाचव्या वेळेला आतून तेलाचा वास यायला लागला होता.

तेवढ्यात जिन्यावर सासूबाई शाल गुंडाळून उभ्या. त्यांना फर्नेसमधलं काही कळत नाही. त्यांनी विचारलं, "हे तेलावर चालतं ना गं?"

"हो आई."

"आणि ते बटण दाबलं की तेल येतं?"

"हो."

"मग पेटत नसताना दाबतेस कशाला? स्टोव्ह पेटत नसला तर पंप मारत बसायचं नसतं. रॉकेल साठतं, आणि मग पेटतो तेव्हा भडका होतो. आधी पिन करायची."

मी हात मागे घेतला. पंचवीस वर्षं स्टोव्हवर स्वयंपाक केलेल्या बाईला जे दोन प्रश्नांत समजलं, ते मला अर्ध्या तासाच्या व्हिडिओत समजलं नव्हतं.

मेकॅनिक पहाटे चारला आला. साठीचा गृहस्थ, दाढीवर बर्फ. बुटांवर घालायच्या निळ्या पिशव्या त्यानं स्वतःच खिशातून काढल्या. सासूबाईंना तो तिथेच आवडला, कारण देवघराच्या खोलीवरूनच तळघराचा जिना आहे आणि त्यांची सगळी काळजी त्या बुटांची होती. खाली उतरता उतरता त्यानं विचारलं, "बटण किती वेळा दाबलं?" मी म्हणाले, "दोन-तीनदा." सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण त्यानं बोटानं बटणाकडे दाखवलं होतं. त्यांनी मागून हाताचा पंजा उघडून दाखवला. पाच.

तो रागावला नाही. म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. दोन समजून मी लगेच पेटवून पाहिली असती." मग त्यानं हिशेब सांगितला. आमच्या बर्नरचं नोझल तासाला पाऊण गॅलनचं. पाऊण मिनिट चाललं तर साधारण पस्तीस मिलिलिटर तेल आत फवारलं जातं. पाच वेळा म्हणजे आमटीची वाटी भरून काठावर येईल इतकं. हे न जळलेलं तेल भट्टीत, तिच्या भिंतीत मुरून बसलेलं असतं. त्यानंतर एखाद्या वेळेला ज्योत पेटलीच, तर सगळं एकदम पेट घेतं. आत धडाका होतो, धुराड्याचे सांधे निसटतात आणि काजळी हवेच्या वाटांनी घरभर पसरते. पडदे, गाद्या, कपाटातले कपडे, स्वयंपाकघरातले डबे, सगळ्यावर तेलकट काळा थर. इकडे त्याला पफबॅक म्हणतात. साफसफाईला दिवसच्या दिवस लागतात, आणि हे नशीब बरं असेल तर. वाईट असेल तर घराला आग लागते.

त्यानं शोषून घेणारं काहीतरी घालून आतलं तेल टिपलं, नोझल बदललं, तेलाची गाळणी काढून दाखवली. काळा चिखल होता तिच्यात. टाकीच्या तळाचा गाळ येऊन तिथे अडकला होता आणि नोझल तुंबलं होतं. सासूबाईंच्या भाषेत पिन करायची राहिली होती. "सर्व्हिसिंग कधी केलं होतं?" या प्रश्नाला मात्र मी खरं उत्तर दिलं. घर घेतल्यापासून केलंच नव्हतं. दोन वर्षांचे जे पैसे वाचवले असं आम्ही समजत होतो, ते त्या एका पहाटे गेले, वर आणखी गेले.

माझं मत मी इथे सरळ मांडते, कुणाला आवडो न आवडो. आपल्या घरांत फर्नेस हे पुरुषांचं खातं मानलं जातं. बायका वरचं बघतात, तळघर त्यांचं. आणि पुरुषांचंही खरं सांगायचं तर ते ज्ञान बहुतेक वेळा "बटण दाबून बघ" इथेच संपतं. आमच्या इथल्या व्हॉट्सॲप गटावर कुणी विचारलं की दहा उत्तरं येतात, त्यातली आठ बटणाची असतात आणि एक "सर्व्हिसिंग म्हणजे लुटालूट, मी सहा वर्षं केलं नाही" अशा शौर्याची. पण थंडीत दिवसभर घरात कोण असतं? म्हातारी माणसं आणि मुलं कुणाच्या भरवशावर असतात? तेव्हा हे आपलं खातं आहे. आणि त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी मानते मी. चार व्हिडिओ पाहून पाना हातात घेणाऱ्याही आपल्यात आहेत. कुठपर्यंत माझं आणि कुठून मेकॅनिकचं, ही रेघ बाईला स्वतःला माहीत पाहिजे, आणि ती रेघ घर उबदार असताना आखून ठेवायला हवी. रात्री दीडला ती आखता येत नाही.

माझी रेघ सांगते.

थर्मोस्टॅट मी बघते. त्यातले सेल संपलेले असतात, किंवा मुलांनी 'हीट'चं 'ऑफ' करून ठेवलेलं असतं. यावर हसू नका, आमच्याकडे दोनदा झालंय. नेहमीच्या आकड्यापेक्षा पाच अंश वर लावायचं आणि दोन-चार मिनिटं थांबून खालून आवाज येतो का ते ऐकायचं. मग तळघराच्या जिन्यापाशी लाल पट्टी असलेला विजेचा खटका असतो, तो फर्नेसचा आपत्कालीन खटका. दिवा समजून पाहुणे तो बंद करतात. सासूबाई आल्या त्याच आठवड्यात "वीज वाया जाते" म्हणून त्यांनी तो बंद केला होता आणि दुपारभर आम्ही कुडकुडत बसलो होतो. आता त्यावर मी मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे. त्यानंतर विजेच्या पेटीतला ब्रेकर पडलाय का ते बघायचं.

मग टाकीवरचा काटा. बहुतेक टाक्यांवर काचेच्या नळीत तरंगणारं एक बोंडूक असतं, ते तळाला गेलं असेल तर तेल संपलंय. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ते टाळता येतं. तेल कंपन्या थंडीचा हिशेब ठेवून आपणहून टँकर पाठवतात, अशी सोय घेता येते. हिशेब मात्र मागच्या वर्षांवरून केलेला असतो. घरात बाळ आलं, सासू-सासरे आले, थर्मोस्टॅट ६६ चा ७२ झाला, तर तो चुकतो. पाव टाकी उरली की मी स्वतः फोन करते. तेल संपलंच आणि टँकर उद्या येणार असेल, तर पेट्रोल पंपावरचं डिझेल पाच-दहा गॅलन आणून टाकीत घालता येतं. डिझेलचा कॅन इथे पिवळा असतो, रॉकेलचा निळा, पेट्रोलचा लाल. लाल कॅनला हातसुद्धा लावायचा नाही. पेट्रोल त्या टाकीत गेलं तर स्फोट होऊ शकतो. आणि टाकी पूर्ण कोरडी पडली असेल तर नळीत हवा शिरते; नुसतं तेल ओतून भागत नाही, ती हवा काढावी लागते. ते काम कसं करतात हे मी दोनदा जवळ उभी राहून पाहिलंय. तरी मी ते करत नाही. पाहिलेलं काम आणि हात बसलेलं काम यांत फरक असतो, हे कधी पहिल्यांदा पुरणपोळी लाटली असेल तर तुम्हाला माहीत आहे.

हवेची गाळणी तर पूर्ण आपलीच. थंडीत महिन्याला काढून उजेडासमोर धरते. पलीकडचं दिसलं नाही तर बदलते. ती तुंबली की फर्नेस आतून फार तापते आणि स्वतःला वाचवायला थांबते, थोडी निवली की पुन्हा चालते, पुन्हा थांबते. अशी आजारी माणसासारखी धाप लागली की आधी गाळणी. खोल्यांतल्या जाळ्यांवर सतरंजी किंवा सोफा आलाय का तेही बघते. आणि फर्नेसच्या चारी बाजूंना तीन फूट मोकळं. आपल्याकडे तळघर म्हणजे कोठीघर. दिवाळीच्या माळा, भारतातून आणलेल्या रिकाम्या बॅगा, पुठ्ठ्याची खोकी, ऊब मिळते म्हणून दोरीवर वाळत घातलेल्या साड्या. एका घरी मी फर्नेसला टेकवून ठेवलेलं तांदळाचं पोतं पाहिलंय. बोलले, त्यांना राग आला, पोतं हलवलं.

एवढं सगळं पाहून झालं आणि टाकीत तेल आहे, तर बटण. एकदा. मागे कुणी दाबलंय का ते घरात विचारून मगच, कारण यजमानांनी सकाळी एकदा दाबलेलं असतं आणि ते सांगत नाहीत. सुरू झाली आणि चालू राहिली तर ठीक, पण दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला फोन करायचाच, कारण डोळ्याला ज्योत का दिसली नाही याला काहीतरी कारण असणार. पुन्हा बंद पडली तर विषय संपला. हात मागे, फोन कानाला. काही नव्या यंत्रांत तीनदा असं झालं की यंत्रच कुलूप लावून घेतं आणि मेकॅनिकशिवाय उघडत नाही. म्हणजे ते बनवणाऱ्यांनाही आपला स्वभाव ठाऊक आहे.

काही वेळा तर बटणाजवळही जायचं नाही. तेलाचा उग्र वास, फर्नेसच्या दाराभोवती किंवा जाळ्यांवर काजळी, पेटताना धडाड आवाज किंवा गडगड, खाली तेलाचं थारोळं: लाल खटका बंद करायचा आणि मेकॅनिकला बोलवायचं. धूर किंवा आग दिसली तर घराबाहेर आणि ९११.

आणि कार्बन मोनॉक्साइड. याला वास नाही, रंग नाही. नीट न जळणाऱ्या आगीतून किंवा तुंबलेल्या धुराड्यामुळे तो घरात साठतो. डोकं दुखतं, मळमळतं, गळून जातं, वाटतं फ्लूची साथ आहे. घरातल्या सगळ्यांनाच एकदम असं होत असेल आणि बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल तर संशय घ्यायचा. मॅसॅच्युसेट्समध्ये जानेवारी २००५ मध्ये प्लिमथ गावात सात वर्षांची एक मुलगी अशी गेली. बर्फाच्या वादळात घराच्या हीटिंगची बाहेर जाणारी वाट बर्फानं बुजली होती. तिच्या नावानं 'निकोलचा कायदा' झाला आणि २००६ पासून इथे घराच्या प्रत्येक मजल्यावर या वायूचा अलार्म सक्तीचा आहे. ज्यांच्या हीटिंगची नळी भिंतीतून बाहेर निघते त्यांनी बर्फ पडल्यावर गाडीआधी ती नळी मोकळी करावी. अलार्मची भाषाही शिकून ठेवा. मधूनच एकदा टिक वाजला तर सेल संपत आलाय किंवा अलार्मच जुना झालाय. चार वेळा लागोपाठ, थांबून पुन्हा चार वेळा, असं वाजलं तर वायू आहे. तेव्हा खिडक्या उघडत बसायचं नाही, स्वेटर शोधत बसायचं नाही. मुलं-म्हातारी घेऊन बाहेर पडायचं आणि बाहेरून ९११ ला फोन.

भारतातल्या मैत्रिणींनो, हे तुमच्याहीसाठी आहे. बाथरूममधला गॅस गिझर, बंद खिडकी आणि लांबलेली आंघोळ यातून हाच वायू तयार होतो. थंडीत कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपणं हेही तेच. इथेही हीटिंग बंद पडलं की गॅसची शेगडी किंवा ओव्हन पेटवून घर तापवायचा मोह होतो. अजिबात नको.

मेकॅनिक येईपर्यंत काय? सगळ्यांनी एका खोलीत, दारं लावून, गोधड्या घेऊन बसायचं. घर वाटतं तितक्या लवकर थंड होत नाही. नळ गोठून फुटू नयेत म्हणून बाहेरच्या भिंतीजवळचे नळ बारीक धारेनं सोडायचे, सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवायची. पाणी वाया जातं याचं मलाही वाईट वाटतं, मी खाली पातेली लावते. मुख्य पाण्याचा कॉक कुठे आहे ते घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं. त्या रात्री सासूबाई मुलांना कुशीत घेऊन णमोकार म्हणत बसल्या होत्या आणि मुलं झोपलीही.

एका ओळखीच्या काकूंनी मला विचारलं होतं, "यंत्राच्या दुरुस्तीत धर्म कुठे आणतेस?" मी आणत नाही, पण तो तिथे आहे असं मला वाटतं. आपल्याकडे अग्नीलाही जीव मानलंय. सहा महिने घरात आग ठेवायची, तर ती गरजेपुरती आणि लक्ष ठेवून, याला आपण यत्नाचार म्हणतो. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाचा, म्हणजे गाफीलपणाचा, उल्लेख आधी येतो. वर्षाला एकदा नोझल आणि गाळणी न बदलणं हा माझ्या मते साधा प्रमाद आहे. तो करून आपण वर त्याला काटकसर म्हणतो, अपरिग्रहसुद्धा म्हणतो. नीट साफ केलेला बर्नर तेल कमी जाळतो, धूर कमी सोडतो. हवेच्या नळीच्या तोंडाला जाळी बसवून घेतली की किडे-मुंग्या आत घर करत नाहीत, मरत नाहीत, आणि शिट्टीही वाजत राहते. ही जाळी मी मेकॅनिकला सांगून बसवून घेतली, तो म्हणाला बहुतेक लोक याचा विचार करत नाहीत.

आणि ते खोटं. मी पुष्कळ दिवस त्याचा विचार केला. मला कुणाची भीती होती? पहाटे चारला आलेला अनोळखी माणूस मला मूर्ख समजेल, एवढीच. आपण डॉक्टरला पथ्य मोडलेलं सांगत नाही, मेकॅनिकला बटण सांगत नाही. पण त्याच्या हातात आग आहे आणि वर माझी मुलं झोपली आहेत. 'दोन-तीन' हा शब्द मी किती सहज उच्चारला होता. त्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी मी सासूबाईंची क्षमा मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "माझी कशाला, त्या बर्फाच्या दाढीवाल्याची माग."

म्हणून माझ्या मैत्रिणीला त्या रात्री मी बाकी काही सांगितलं नाही. म्हटलं, तीनदा असेल तर तीनदा सांग, चारदा असेल तर चारदा, आणि आता फोन ठेवून तिकडे लाव. फोनवर काय सांगायचं तेही लिहून दिलं: तेल किती आहे, बटण किती वेळा दाबलं, वास येतो का, घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस आहे का. शेवटचं आवर्जून सांगायचं, त्यावर ते कुणाकडे आधी जायचं ते ठरवतात. एकटी बाई रात्री अनोळखी पुरुषाला घरात घेणार, ही अडचण खरी आहे, ती मी कमी लेखत नाही. म्हणूनच वर्षाचं सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट घ्यावं असं माझं म्हणणं आहे. सप्टेंबरात, दशलक्षणाच्या आसपास, दिवसाउजेडी सर्व्हिसिंगला तोच माणूस येऊन जातो, चेहरा ओळखीचा होतो. मैत्रिणीला मी शेजारच्या घरातल्या बाईंना बोलावून बसवायला सांगितलं. त्या अमेरिकन बाई आपल्या रात्रीच्या गाऊनवर कोट चढवून आल्या आणि दोघी दीड वाजेपर्यंत आल्याचा चहा पीत बसल्या. म्हणजे चहा त्यांना, माझ्या मैत्रिणीनं रात्री पाणीही घेतलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेलाच्या घरात राहिलेल्या त्या बाईंनी तिला सांगितलं की त्यांच्या आईकडे बटणावर एक जुना मोजा चढवलेला असायचा, मुलांचा हात जाऊ नये म्हणून.

आमच्याकडे येत्या शनिवारी सकाळी नऊला सर्व्हिसिंग आहे. तळघर आवरायचंय, ते पुठ्ठ्याचे खोके पुन्हा जमा झालेत, आणि यंदा मी मोठ्या मुलीलाही खाली उभी करणार आहे. सासूबाईंचा सांगलीहून काल व्हॉइस मेसेज आला. आधी मुलांची चौकशी, मग मंदिराच्या पंचकल्याणकाची बातमी, आणि शेवटी, "त्यानं पिन केली का गं?"